कोल्हापुरात संशोधन संस्थेत नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉक-इनची, म्हणजे थेट मुलाखतीची, जाहिरात बघून विचारायला येणाऱ्या पोरापोरींना तीच तीच उत्तरं द्यावी लागतात, म्हणून ती इथं एका जागी लिहिली आहेत. मी प्रकल्पावर काम केलंय आणि पुढं हिशोबाच्या टेबलावरही बसलोय, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे. जिथं तक्रार आहे तिथं कुठल्याच संस्थेचं नाव नाही. वाचताना आपल्याच ऑफिसबद्दल लिहिलंय असं वाटलं तर तसं वाटणारे तुम्ही एकटे नाही.

कोल्हापुरात संशोधनाची नोकरी मिळते तरी कुठं?

सगळ्यात जास्त जागा शिवाजी विद्यापीठात आणि त्याच्या महाविद्यालयांतल्या प्रकल्पांवर निघतात. विद्यापीठ १९६२ चं, त्यामुळं जुने विभाग, जुन्या लॅब आणि जुनी माणसं, तिन्ही आहेत. शेतीकडं शिकलेल्यांसाठी प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. ते कोल्हापुरात असलं तरी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं, म्हणजे बऱ्याच मंजुऱ्यांसाठी राहुरीकडं बघावं लागतं. तिसरा गट सामाजिक पाहण्या करणाऱ्या ट्रस्ट आणि सोसायट्यांचा. याशिवाय हॉस्पिटलं आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळा आहेत, पण तिथं संशोधनापेक्षा तपासणीचं काम जास्त असतं.

जाहिरातीवर मोठ्या संस्थेचं नाव असलं तरी नेमणुकीची ऑर्डर हातात आल्यावर नीट वाचा. बहुतेक वेळा तुम्ही त्या संस्थेचे नोकर नसता, एका प्रकल्पाचे असता. प्रकल्प संपला की तुम्हीही संपलात. पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात.

तिथलं वातावरण कसं आहे हो?

हा प्रश्न संस्थेबद्दल विचारूच नका. वातावरण दोन गोष्टींवर ठरतं: पीआयचा, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकाचा, स्वभाव आणि अनुदानाचा हप्ता. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन लॅब असतात. एकीत सहाला पोरं हसत बाहेर पडतात, चहाला एकत्र जातात. दुसरीत सर गेल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि सर रात्री साडेआठशिवाय जात नाहीत. इमारत तीच, कुलगुरू तेच, नियमांचं पुस्तकही तेच.

म्हणून विचारायचं असेल तर त्या सरांच्या हाताखालून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या माणसाला विचारा. आता काम करणाऱ्याला विचारू नका, तो बिचारा "चांगलंय की" असंच म्हणणार. बाहेर पडलेल्याला एकच विचारायचं: सोडताना कागद किती दिवसांत मिळाले? या एका उत्तरातून जे कळतं ते मुलाखतीत तासभर बसूनही कळत नाही.

पगार किती मिळतो?

केंद्राच्या अनुदानावरच्या प्रकल्पात नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा पास असलेल्या ज्युनिअर रिसर्च फेलोला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि सिनिअरला ४२,००० रुपये आहेत. त्यावर घरभाडं. घरभाड्याच्या वर्गवारीत कोल्हापूर 'वाय' गटात येतं, पुणे-मुंबई जास्त भत्त्याच्या 'एक्स'मध्ये. घरभाडं आपोआप मिळत नाही, त्यासाठी मागणी आणि दाखला लागतो. हे कुणी आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

नेट नसेल तर आकडा खाली येतो. ट्रस्टच्या प्रकल्पांत 'एकत्रित मानधन' असा शब्द असतो. याचा अर्थ त्यात घरभाडं, प्रवास, मोबाईल सगळं आलं, वर काही मागू नका. फील्ड इन्व्हेस्टिगेटरला, म्हणजे गावोगाव जाऊन फॉर्म भरून आणणाऱ्याला, दिवसावर किंवा फॉर्मवर पैसे देतात. फॉर्मवर पैसे असतील तर त्या संस्थेला माहितीचा दर्जा नको, आकडा हवा आहे असं खुशाल समजा.

पगार तीन-तीन महिने उशिरा का येतो? मुद्दाम अडवतात का?

मुद्दाम अडवणारे असतात, पण थोडे. बहुतेक वेळा अडकते ती यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. पैसे देणारी संस्था अनुदान हप्त्यानं देते. ३१ मार्चला वर्ष संपलं की आलेले पैसे कशावर खर्च झाले याचा हिशोब सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-अ नमुन्यात पाठवायचा असतो. त्यावर पीआयची, वित्त अधिकाऱ्याची आणि संस्थाप्रमुखाची सही लागते. तो गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

मी टेबलावर होतो तेव्हाची एक फाईल सांगतो. एप्रिलचा दुसरा आठवडा. खर्चाचा तक्ता तयार, बेरीज जुळलेली, आणि तीन व्हाउचर गायब: एक जीपच्या भाड्याचं, एक झेरॉक्सचं, एक नमुने ठेवायच्या डब्यांचं. जीपवाल्यानं साध्या वहीच्या कागदावर "पैसे पोचले" असं लिहून सही केलेली. गाडीचा नंबर नाही, तारीख नाही. ऑडिटवाले ती पावती धरणार नाहीत हे मला माहीत, क्लार्कला माहीत, पीआयलाही माहीत. पीआय म्हणाले, "बघतो, फोन करतो त्याला." मग ते परीक्षेच्या कामात अडकले, मग मे महिना, मग सुट्टी. त्या एका पावतीपायी यूसी जूनअखेर गेली आणि त्या प्रकल्पावरची दोन पोरं तोवर घरच्या पैशावर जगली. त्यातल्या एकाची खोली राजारामपुरीत होती. घरमालक रोज जिन्यात उभा.

सांगायचा मुद्दा, यात कुणी दुष्ट नव्हतं. पण व्यवस्थापन म्हणतात ते हेच. चांगला पीआय १५ मार्चपूर्वी व्हाउचर गोळा करतो, आणि चांगली संस्था हप्ता यायच्या आधी स्वतःच्या निधीतून पोरांचं मानधन उचल म्हणून देते, नंतर वळतं करून घेते. असं करणाऱ्या संस्था आहेत. ज्या करत नाहीत त्यांच्याकडं "नियमात बसत नाही" हे उत्तर तयार असतं. खरं तर त्यासाठी टिपणी लिहावी लागते आणि ती लिहायचा कंटाळा असतो, एवढंच.

तुम्ही काय करायचं? दर महिन्याला तोंडी विचारण्यापेक्षा एकदा ईमेल करा: यूसी कधी गेली, पुढचा हप्ता कधी अपेक्षित आहे. भाषा नम्र ठेवा, पण लेखी विचारा. आणि रुजू होताना तीन महिने तग धरता येईल एवढे पैसे हाताशी ठेवा. हा सल्ला देताना मलाही बरं वाटत नाही, कारण ज्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत त्यानं संशोधनात यायचंच नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि तशी पोरं खरोखर येत नाहीत.

माझा साहेब नक्की कोण? पीआय, हेड की संचालक?

कागदावर तिघंही. प्रत्यक्षात ज्याची सही तुमच्या हजेरीवर होते तो. विद्यापीठात पीआय आणि विभागप्रमुख यांचं पटत नसेल तर तुमची किल्ली, तुमचं रसायन, तुमची रजा या सगळ्यावर त्यांचं भांडण खेळलं जातं. अशा वेळी कुणाच्याही बाजूनं बोलू नका. निरोप्याचं काम तर अजिबात घेऊ नका. "सर, तुम्हीच एकदा फोन करा की हेडना," एवढं म्हणून मोकळं व्हायचं.

सर घरची कामं सांगतात. नाही म्हटलं तर चालतं का?

हा प्रश्न सगळे विचारतात, पण दबक्या आवाजात. उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज करून देणं, स्टेशनवरून पाहुणे आणणं, मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म भरणं, घरच्या लग्नाच्या पत्रिका वाटणं. हे कोल्हापूरचंच आहे असं नाही, पण इथं त्याला जिव्हाळ्याचा मुलामा असतो. सर तुम्हाला घरी जेवायला बोलावतात, वहिनी आग्रह करकरून तांबडा-पांढरा वाढतात, आई आजारी असली तर सर स्वतः डॉक्टरला फोन लावतात. हे सगळं खरं असतं, नाटक नसतं. म्हणूनच पुढच्या आठवड्यात "जरा गाडी सर्व्हिसिंगला सोडून ये" म्हटल्यावर तोंडातून नाही निघत नाही.

माझं मत सांगतो. अडीनडीला मदत करायला हरकत नाही, तशी ती दोन्हीकडून होते. पण कामाच्या वेळेत आणि वारंवार होत असेल तर थांबवायला हवं. थेट "हे माझं काम नाही" म्हटलंत तर कोल्हापुरात तो अपमान ठरतो आणि पुढं वर्षभर त्याची वसुली होते. त्यापेक्षा लॅबचं काम पुढं करा: "सर, आज नमुने लावलेत, चारपर्यंत हलता येणार नाही." असं तीन-चारदा झालं की ते काम दुसऱ्याकडं जातं. दुसरा कोण, तर बहुतेक वेळा तुमच्यानंतर आलेला ज्युनिअर. त्यालाही हे वाक्य शिकवून ठेवा.

पेपर तपासणं मात्र वेगळं आहे. उत्तरपत्रिका ज्याच्या नावानं आलेली असते त्यानंच तपासायची असते. त्याला हात लावू नका. प्रकरण बाहेर आलं तर पहिलं नाव तुमचं येईल.

शोधनिबंधावर माझं नाव येईल का?

प्रयोग तुम्ही केला, आकडे तुम्ही काढले, आणि छापून आल्यावर पहिलं नाव विभागप्रमुखांचं, दुसरं सरांचं, तिसरं त्यांच्या मित्राचं आणि तुमचं आभारात. हे होतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कुणाला म्हणायचं याचे चार निकष दिलेत, आणि ते आता इतर विषयांतही बरेच मानतात: कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती करण्यात सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि मजकुराची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. नुसतं विभागाचं प्रमुख असणं किंवा पैसे मिळवून देणं यात बसत नाही.

हे निकष सरांच्या तोंडावर फेकायचे नसतात. काम सुरू होताना, सगळे खुशीत असताना विचारायचं: "सर, यातून दोन पेपर निघतील असं वाटतंय, पहिल्याचा मसुदा मी लिहू का?" मसुदा तुमच्या हातचा असला की नाव काढणं अवघड जातं. आणि प्रत्येक मसुदा ईमेलनं पाठवा, पेन ड्राइव्हवर देऊ नका. तारीख राहते.

उलटही होतं. न केलेल्या कामावर तुमचं नाव घालतात, कारण संख्या हवी असते. फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याचे टप्पे ठरवलेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० च्या वर गेलं तर निबंध मागं घ्यावा लागतो, वेतनवाढ अडते आणि काही वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. कॉपी दुसऱ्यानं केली म्हणून सहलेखक सुटत नाही.

पीएचडीचा गाईडच पीआय असेल तर?

तर सांभाळून. तुमची पदवी आणि तुमची भाकरी एकाच्या हातात गेली. जमलं तर दोन वेगळी ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि साधारण सहा वर्षं मिळतात, आणि प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. दर सत्राला सल्लागार समितीपुढं प्रगती मांडायची असते. पुष्कळ ठिकाणी ही बैठक नुसत्या सह्यांवर उरकतात. ती प्रत्यक्ष व्हावी म्हणून आग्रह धरा. गाईडचं आणि तुमचं फाटलं तर समितीच्या इतिवृत्तात तुमचं काम नोंदलेलं असणं हाच आधार असतो.

फील्डवरचं काम कसं असतं?

इथं संस्थेचा खरा चेहरा दिसतो. ऑफिसात सगळे गोड बोलतात. राधानगरी-गगनबावड्याकडं पावसात पाठवलं की कळतं गाडी देतात की एसटीनं जा म्हणतात, मुलींना एकटं पाठवतात की जोडीनं, आणि टीए-डीए, म्हणजे प्रवासाचा आणि रोजचा भत्ता, त्याच महिन्यात मिळतो की दिवाळीनंतर.

२०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यात एक पाहणी चालली होती, तिथला एक प्रसंग. नृसिंहवाडीच्या पुढं एका गावात, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ तशीच होती. टॅबवर प्रश्नावली. आमच्या पाहणीतली एक मुलगी विचारत होती: घरात पाणी किती फूट आलं, किती दिवस राहिलं, जनावरं किती. घरातल्या मावशी म्हणाल्या, "जनावरं किती म्हंजे? आधीची सांगू का आत्ताची?" टॅबवर एकच चौकोन होता. मुलीनं आत्ताची संख्या घातली, शून्य. आणि वहीत लिहून ठेवलं की तीन म्हशी होत्या, दोन गाभण, दावी कापायला वेळ मिळाला नाही. त्यावर मावशी बराच वेळ बोलल्या. त्या दिवशी तिचे आठाऐवजी पाच फॉर्म झाले.

संध्याकाळी पर्यवेक्षकानं झापलं. "गप्पा मारायला पाठवलं नाही तुला." दुसऱ्या दिवशी संचालकबाईंनी वही मागवून घेतली, रात्री बसून वाचली आणि प्रश्नावलीत 'पुरापूर्वी' आणि 'पुरानंतर' असे दोन चौकोन करून घेतले. आधीच्या फॉर्मांसाठी परत गावात जायला दोन दिवस वाढवून दिले. संस्था तीच, माणसं दोन. पर्यवेक्षक वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावर आकड्याचं ओझं होतं आणि ते त्यानं खाली ढकललं. बाईंनी ते स्वतःकडं घेतलं आणि पैसे देणाऱ्यांना मुदतवाढीचं पत्र लिहिलं.

लक्ष्य अशक्य असलं की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पोरं लॉजवर बसून फॉर्म भरतात. पकडली गेली की पोरांना काढतात, लक्ष्य ठरवणाऱ्याला कुणी विचारत नाही. तुमच्यावर तशी वेळ आली तर फॉर्म कमी दाखवा, खोटे भरू नका.

पावसाळ्यात अजून एक बघा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पातळी चढत असताना "जाऊन तर या" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. रस्ता बंद झाला तर अडकणार तुम्ही, तो नव्हे.

११ महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक आणि पुन्हा ऑर्डर. कधी कायम होता येतं का?

त्या आशेवर थांबू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ च्या उमादेवी प्रकरणात सांगितलंय की नुसती बरीच वर्षं कंत्राटी काम केलं म्हणून सरकारी पदावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. अपवाद आहेत, पण प्रकल्पावरच्या माणसाला त्यात बसणं जड जातं. "पुढं बघू, तुझं काहीतरी करू" असं सर म्हणतात ते मनापासून असतं, पण त्यांच्या हातात नसतं.

पीएफ, प्रसूती रजा वगैरे?

फेलोशिप हा पगार धरत नाहीत, त्यामुळं फेलोला पीएफ नसतो. ट्रस्टमध्ये पगारी नोकर असाल आणि संस्थेत २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो. मूळ पगार १५,००० पर्यंत असेल तर संस्थेला तो कापावाच लागतो. पगारपत्रकावर कपात दिसते पण खात्यावर जमा नाही, असं घडलेलं मी पाहिलंय. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, चालू करून घ्या आणि दर तिमाहीला पासबुक बघा.

प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर. पीएचडी करणाऱ्या मुलींना २०२२ च्या नियमांत एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची सोय आहे. मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय?" असं अजूनही विचारतात. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. पण ज्यानं विचारलं त्याच्या हाताखाली काम करायचं का, हा विचार त्याच दिवशी करा.

छळ झाला तर तक्रार कुठं करायची?

लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्यानं मार्ग ठरवून दिलाय. १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, इंटर्न सगळे यात येतात, "ती आमची कर्मचारी नाही" ही सबब चालत नाही. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. १० पेक्षा कमी माणसांच्या संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली नसतील तर ती नुसती कागदावर असण्याचा संभव फार.

ओरडणं, चारचौघांत लाज काढणं, कामच न देणं, यासाठी असा सरळ रस्ता नाही. तारीखवार टिपण ठेवा, कुलसचिवांना किंवा विश्वस्तांना लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्यानं देण्यापेक्षा तिघांनी मिळून दिलेलं पत्र वाचलं जातं. जातीवरून अपमान झाला आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो विषय संस्थेच्या आत मिटवायचा नसतो.

"आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं संचालक म्हणतात. चांगलं लक्षण का?

बघा, कुटुंबात ओव्हरटाइम नसतो आणि थोरल्याला उलट बोलायचं नसतं.

सामाजिक संस्थांची एक अडचण मात्र खरी आहे. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेला २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० होती. त्यामुळं हिशोबनीस, टायपिस्ट, समन्वयक अशी माणसं कमी झाली आणि त्यांचं काम संशोधन सहायकावर आलं. तुम्ही सकाळी मुलाखती घेता, दुपारी बिलं चिकटवता, संध्याकाळी कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडता. हे संचालकांनी उघड सांगितलं तर माणूस समजून घेतो. "समाजकार्य आहे, पगाराकडं काय बघायचं" म्हटलं की डोकं फिरतं.

अजून एक खूण सांगतो. २६ जूनला, शाहू जयंतीला, जवळजवळ प्रत्येक संस्थेत समतेवर भाषण होतं. त्या दिवशी चहा आणणाऱ्या मामांना बसायला खुर्ची मिळते का ते बघा.

माहितीचा अधिकार वापरता येतो का?

विद्यापीठात आणि सरकारी केंद्रात येतो. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. तुमच्याच प्रकल्पाची यूसी कधी गेली हे असं काढता येतं, पण रुजू असताना स्वतःच्या नावानं टाकलात तर सर बोलायचे थांबतील एवढं धरून चला. खासगी ट्रस्टला सरकारी पैसा मोठ्या प्रमाणात असेल तरच तो लागू होतो.

कोर्टात जायचं तर मुंबई गाठावी लागते ना?

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात चालू आहे. विद्यापीठासारख्या संस्थेविरुद्धची याचिका इथंच दाखल होते. त्याआधी कामगार कायदा तुमच्या संस्थेला लागतो की नाही हे वकिलाकडून तपासून घ्या, कारण धर्मादाय संस्था आणि फेलोशिप या दोन्ही बाबतींत सरसकट उत्तर नाही.

अनुभव उघडपणे लिहिला तर बदनामीची केस होईल?

होऊ शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे. योग्य अधिकाऱ्याकडं प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीला मात्र त्यात अपवाद आहे. म्हणून आधी तक्रार, मग बाकीचं. लिहायचंच तर जे कागदावर दाखवता येतं तेवढंच लिहा. "सर पैसे खातात" आणि "माझं चार महिन्यांचं मानधन आलेलं नाही" ही दोन वाक्यं कायद्यापुढं एकसारखी नाहीत.

सोडताना काय काळजी घ्यायची?

राजीनामा ईमेलनं द्या, त्याच दिवशी छापील प्रतीवर आवक क्रमांक घ्या. लॅबच्या वह्या, किल्ल्या, टॅब, ग्रंथालयाची पुस्तकं यांची यादी करून सही घ्या, नाहीतर दोन वर्षांनी एका मायक्रोपिपेटवरून अनुभव प्रमाणपत्र अडतं. मूळ गुणपत्रिका कुणाकडंही ठेवायला देऊ नका. रुजू होतानाच "बघून परत देतो" म्हणतात आणि कपाटात जातात. "आमच्याकडून गेल्यावर अमुक वर्षं दुसऱ्या संस्थेत जायचं नाही" असं लिहून घेतलं असेल तर घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा अटीला मानत नाही. लोकांनी विश्वासानं दिलेली नावं, फोन नंबर, आजारांची माहिती मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नका. ती तुमचीही नाही आणि सरांचीही नाही.

मग पुण्याला जाऊ की इथंच राहू?

यंत्रं लागत असतील तर इथं फार अडत नाही, विद्यापीठाच्या सामाईक सुविधा केंद्रात बरीच तपासणी होते. फेलोशिप दोन्हीकडं तेवढीच. पुण्यात घरभाडं भत्ता जास्त, पण खोलीचं भाडं त्याहून जास्त. इथं घरून डबा येतो आणि महिनाअखेर हातात काहीतरी उरतं. पुण्यात मात्र एका सरांशी बिनसलं तर दुसरीकडं जायला दहा दारं आहेत. इथं दोन-तीन, आणि ती सगळी एकमेकांना ओळखतात.

ज्युनिअर फेलो म्हणून दीड वर्ष काढलं असेल तर लगेच हलू नका. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन सिनिअर फेलोशिप मिळते. त्या बैठकीचा कागद हातात पडू द्या, मग बॅग भरा.